आधीची दोन पानं

"मॅडम, काढायची म्हणजे फाडून टाकायची, का नुसती बाजूला ठेवायची?"

प्रश्न साधा होता आणि मी घाईत होते. माझ्या रविवारच्या कथालेखनाच्या वर्गाला साडेबारा वाजून गेले होते, शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत व्हरांड्यातून दुसऱ्यांदा चक्कर मारून गेला होता, आणि माझ्यासमोर अजून तिघं जण आपापल्या फायली उराशी धरून उभे होते. मी म्हटलं, "काका, फाडून टाका. मोह ठेवायचा नाही." मागच्या बाकावरचे दोघं हसले. काकाही हसले. त्यांनी ती फुलस्केप पानं चार घड्या घालून शर्टाच्या खिशात चष्म्याच्या डबीमागे सरकवली आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणत जिना उतरून गेले. ही गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. 'मोह ठेवायचा नाही' हे माझंच वाक्य तेव्हापासून दातात अडकलेल्या कोयीच्या केसासारखं बसलं आहे. दुखत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते.

काका म्हणजे कंडक्टरकाका. हे नाव वर्गानं दिलेलं. एसटीत तेहतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक माणदेशाच्या बाजूला, दहिवडी-म्हसवड-आटपाडीच्या फुफाट्यात. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला आले. दहाचा वर्ग असला की ते पावणेदहाला हजर. "गाडी सुटायच्या आधी फलाटावर असलेलं बरं" असं म्हणून पहिल्या बाकावर बसायचे. पहिलीच्या पोरांचं बाक ते. गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागायचं, तरी जागा बदलली नाही. अक्षर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरणाऱ्या माणसाचं. बारीक, सरळ रांगेत, दोन्ही बाजूंना समास सोडलेला, आकडे अक्षरांपेक्षा देखणे. कागद मात्र एकाच बाजूनं लिहायचे. संपादकाकडे द्यायचं हस्तलिखित पाठकोरं असावं, असं मी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. आता सगळे टाइप करून पाठवतात, तरी हे मी अजून सांगते. का सांगते, देव जाणे.

त्यांच्या कथेत एक मुक्कामी गाडी होती. रात्री साडेनऊला शेवटच्या गावी पोचते, सगळी माणसं उतरतात, ड्रायव्हर हातपाय धुवायला जातो आणि कंडक्टर बॅटरी घेऊन आतून फेरी मारतो. मागच्या सीटवर एक पोरगं झोपलेलं असतं. कुणाचं, कुठलं, कुठं चढलं, काही पत्ता नाही. तिकीट तर कंडक्टरनंच फाडलेलं असणार, पण ते कुणी काढलं होतं, ते त्याला काही केल्या आठवत नाही. त्या रात्रीची ती कथा. 'मागच्या सीटवर एक पोरगं झोपलं होतं' हे वाक्य तिसऱ्या पानावर, वरून चौथ्या ओळीत होतं. मी लाल पेनानं त्याच्या डोक्यावर बाण काढला, समासात लिहिलं, 'कथा इथे सुरू होते', आणि आधीच्या दोन पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक तिरपी रेघ ओढली.

सल्ला चुकीचा नव्हता. आजही कुणी ती कथा माझ्यापुढे ठेवली तर माझा हात तिथेच जाईल. नव्यानं लिहिणाऱ्या दहांतले आठ जण आधी घसा खाकरतात. सकाळ कशी झाली, पाऊस कसा पडत होता, नायिकेनं चहा कसा टाकला, आणि मग कुठं दाराची बेल वाजते. ती दोन पानं त्यांना स्वतःला लागतात, वाचकाला लागत नाहीत. मैफिलीत तबलजी हातोडीनं ठोकून तबला सुरात आणतो, तंबोरे जुळतात, त्याचं कुणी तिकीट लावत नाही. हे मी दरवर्षी सांगते, हातोडीच्या अभिनयासकट. आता वाटतं, माझे एक काका होते, सवाई गंधर्वला केवळ तंबोरे जुळताना ऐकायला मिळावेत म्हणून लवकर जाऊन बसायचे. त्यांचं उदाहरण मात्र मी वर्गात कधीच दिलं नाही.

हे कापणं माझ्याकडे आलं ते एका पोस्टकार्डावरून. १९९६ साली मी पहिली कथा एका मासिकाकडे पाठवली होती. ती साभार परत आली, सोबत पोस्टकार्ड. निळी शाई, चार ओळी. 'पहिली अडीच पाने आपल्यासाठी आहेत, वाचकासाठी नव्हेत. ती काढून पुन्हा पाठवावी.' मी रडले, मग काढली, मग कथा छापून आली. त्या अडीच पानांत काय होतं ते मला आज एका शब्दानं सांगता येणार नाही. पोस्टकार्ड मात्र जपून ठेवलं आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर. खरं सांगायचं तर गेली वीस-बावीस वर्षं मी त्या एका पोस्टकार्डावर पोट भरते आहे. संपादकानं मला फुकट दिलेलं वाक्य मी बारा रविवार आणि साडेचार हजार रुपयांत विकते, खडू शाळेचा.

आठवड्याचे बाकीचे दिवस कॉलेजमध्ये. तासिका तत्त्वावर. ज्यांना या दोन शब्दांचा अर्थ माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. अभ्यासक्रमात आता सर्जनशील लेखनाचा पेपर आहे आणि त्यात कथेचे घटक विचारतात, दहा गुणांना. मुलं लिहितात: कथानक, पात्रे, संवाद, वातावरण, संघर्ष. पाच घटक, प्रत्येकी दोन गुण. मिसळीचीच पाककृती म्हणायची, फक्त तर्रीचा कुठं उल्लेख नाही. एप्रिलमध्ये उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासताना माझा अंगठा आणि त्याशेजारचं बोट लाल होतं, ते साबणानं जात नाही. नवरा म्हणतो, सुगरणीच्या हाताला हळदीचा वास आणि तुझ्या हाताला हा रंग. आणि रविवारी येणारी मोठी माणसं, त्यांत बँकेतले असतात, डॉक्टर असतात, एक पौरोहित्य करणारे होते, ती सगळी शाळेतल्या 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा'मधून अजून बाहेर आलेली नसतात. वीस पानं जीव तोडून लिहितात आणि शेवटी तात्पर्य टाकतात. नाव 'तात्पर्य' नसतं, पण असतं तेच. फळ्याच्या कोपऱ्यात शनिवारची पटसंख्या तशीच असते, एकूण ४२, हजर ३७, आणि त्या आकड्यांखाली उभी राहून मी सांगत असते की तात्पर्य काढून टाका. सुरुवात काढा, शेवट काढा. एकदा एक बाई म्हणाल्या, "ताई, मग उरलं काय?" वर्ग हसला. त्या हसत नव्हत्या.

लेखन शिकवता येतं का, हा प्रश्न तर पाचवीला पुजलेला. लग्नाच्या पंगतीत, वाचनालयाच्या जिन्यात, रिक्षात. विचारणारा बहुतेक वेळा उत्तर घेऊनच येतो: "बहिणाबाई कुठल्या वर्कशॉपला गेल्या होत्या हो?" बरोबर आहे, बहिणाबाईंना अक्षरओळखही नव्हती. पण त्या गात होत्या आणि कुणीतरी ऐकत होतं, उतरवून घेत होतं. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली नसती तर १९५२ साली पुस्तक निघालं नसतं आणि आज रिक्षात माझ्या तोंडावर ते नाव फेकायला कुणाला सापडलंही नसतं. उतरवून घेणाऱ्यानं समासात बाण काढले नाहीत, हे माझ्या दृष्टीनं त्या गोष्टीतलं खरं महत्त्वाचं. पण हे सगळं रिक्षात बोलता येत नाही. मी म्हणते, "गाणं शिकवता येतं ना? मग?" एवढ्यानं माणूस गप्प होतो.

मी मात्र त्या उत्तरानं गप्प होत नाही. कारण गाण्यात शिष्य तंबोरा घेऊन मागे बसतो. गुरूचा आवाज सकाळी कसा लागत नाही, एखादी जागा सात वेळा कशी हुकते, मग ते चिडून पानाचा डबा कसा ओढतात, हे सगळं तो वर्षानुवर्षं बघतो. माझ्या वर्गातल्या कुणीही मला लिहिताना बघितलेलं नाही. त्यांनी माझी छापलेली पुस्तकं बघितली आहेत आणि माझं लाल पेन. मधलं काहीच नाही. म्हणजे मी जे शिकवते ते लिहिणं नव्हेच, ते कापणं आहे. शिंप्याकडे उमेदवारी करायला आलेल्या पोराच्या हातात नुसती कात्री द्यायची, मशिनवर त्याला बसवायचंच नाही, तशातली गत.

म्हणून मार्चमधल्या एका रविवारी ठरवलं, आज फळ्यावर लिहायचं. त्यांच्यादेखत, तयारी न करता. खडू घेतला आणि लिहिलं, 'पाऊस थांबला होता.' पुसलं. 'आई दारात उभी होती.' पुसलं. 'त्या दिवशी दूधवाला आलाच नाही' हे जरा बरं वाटलं, ठेवलं, आणि त्यापुढे काही येईना. फळ्यावर पांढरं धुकं झालं होतं, त्यात मागच्या दोन वाक्यांची भुतं दिसत होती. पाठीमागे बावीस माणसांचा श्वास. पंखा खर्र खर्र करत होता. कॉलेजात एकपात्री करायचे तेव्हा शब्द विसरला की पोटात जो खड्डा पडायचा, तोच पडला, तीस वर्षांनी. वीसेक मिनिटं गेली असतील. मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आधीची दोन पानं काढून टाका!"

सगळे खो खो हसले. मीही हसले, हसावंच लागलं. पहिल्या बाकावरून कंडक्टरकाका मागे वळून म्हणाले, "गप रं. गाडी घाटात आहे."

माझी गाडी त्या दिवशी घाटातून वर आलीच नाही. तासाच्या शेवटी मी नेहमीसारख्या फायली हातात घेतल्या आणि लाल पेन उघडलं तसा हात सुरळीत चालायला लागला, इतका सुरळीत की माझी मलाच लाज वाटली.

आमच्या मागच्या पिढीतले लेखक बहुतेक सगळे मास्तरच. पण ते दुसरंच काहीतरी शिकवायचे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते, गंगाधर गाडगीळ मुंबईत अर्थशास्त्र. मला पूर्वी त्यांची कीव यायची. दिवसभर मागणी-पुरवठा शिकवून रात्री कथा लिहायची म्हणजे केवढं अंतर कापायचं. आता हेवा वाटतो. अर्थशास्त्राची वही मिटली की मिटली. दोन्हीत पक्की भिंत. माझ्या दोन खोल्यांत नुसता पडदा आहे आणि तो सारखा हलत असतो. शनिवारी रात्री चौदा जणांच्या कथा वाचून झोपते, रविवारी सकाळी पाचला उठून माझ्या कथेला बसते, तर पहिल्याच ओळीवर आतून कुणीतरी म्हणतं, 'विशेषण कशाला?' दुसरीवर, 'हे दाखवा, सांगू नका.' तिसरी लिहीपर्यंत दूध उतू गेलेलं असतं. एकदा तर माझ्या मजकुरात आलेली उपमा वाचून मी खूश झाले, अंघोळ करताना आठवलं की ती एका विद्यार्थिनीची, गेल्या बॅचमधली. ओल्या केसांनी येऊन खोडली. ती उपमा तिच्या कथेत मीच खोडली होती, 'जरा जास्त होते आहे' असा शेरा मारून.

काकांची कथा गेल्या दिवाळीत छापून आली. त्यांच्याच भागातल्या एका लहानशा अंकात, सोन्याचांदीच्या दुकानाची आणि पतपेढीची जाहिरात यांच्या मधल्या पानांवर. अंक आणि कंदी पेढ्यांचा खोका घेऊन घरी आले, माझ्या सासूबाईंच्या पाया पडले, चहा घेतला. "तुम्ही सांगितलं तसंच्या तसं केलं बघा," म्हणाले. ते गेल्यावर मी कथा वाचली. 'मागच्या सीटवर एक पोरगं झोपलं होतं.' पहिलंच वाक्य, जिथं असायला हवं तिथं. मग संवाद, मग एक वळण, शेवट मोकळा सोडलेला. कथा चांगली होती. कुणाचीही असावी इतकी चांगली. त्या बॅचच्या बावीस जणांतल्या कुणाचंही नाव वर घातलं असतं तरी चाललं असतं. माझंही. मी पान उलटून पुन्हा पहिल्या पानावर आले आणि ते तेहतीस वर्षांचे कंडक्टर त्यात कुठं बसले आहेत ते शोधायला लागले. एका जागी 'डबल बेल' एवढा शब्द सापडला. पेढा तोंडात होता, तो उगाचच फार गोड लागायला लागला.

त्या रात्री मला 'सत्यकथा' मासिकाची खटाववाडी आठवली. म्हणजे मी तिथे कधी वावरलेली नाही. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. पण ज्यांच्याकडून मी वाचायला शिकले त्यांच्या बोलण्यात गिरगावातली ती वाडी पंढरपुरासारखी यायची. तिथले संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन, त्यांनी लेखकांना लिहिलेली लांबलचक पत्रं, एकेका कथेचे तीन-तीन खर्डे. ज्यांच्या कथा त्या हाताखालून गेल्या त्यांचं भलं झालं यात मला आजही शंका नाही. आणि १९६९ साली बंडखोर लेखक राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्याच सत्यकथेच्या अंकांची होळी केली. कॉलेजात असताना मला ती होळी म्हणजे आगाऊपणा वाटायचा. इतक्या निगुतीनं काढलेलं मासिक जाळायचं म्हणजे काय? माझ्या बाजूची माणसं कोण, याबद्दल मला तेव्हा कधी प्रश्नच पडला नाही. मी पोस्टकार्डाच्या बाजूची. त्या दिवाळीत, हातात तो जाहिरातींनी भरलेला अंक धरून, पहिल्यांदा वाटलं की जाळणाऱ्यांनाही काहीतरी दिसलं असणार, आणि ते निव्वळ वाङ्मयीन भांडण नव्हतं. एकाच सुबक हातानं सगळ्यांच्या तोंडचं सांडलेलं पुसून घेतलं की तोंडं सारखी दिसायला लागतात. तरीही मी काही जाळणारी नव्हे. पुढच्या रविवारी जाऊन पुन्हा तेच शिकवलं, हातोडीच्या अभिनयासकट. बॅचची फी आगाऊ घेतली होती.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष आषाढात सुरू होतं. यंदाही झालं. संपादकांचा फोन आला: "ताई, तुमची कथा धरली आहे, श्रावण लागायच्या आत द्या." मानधनाचं ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही, संक्रांतीपर्यंत चेक आला तर तिळगूळ, नाही तर अंक आहेच. कथा डोक्यात होती. माझ्या आजोळची. तिथं रात्री एक मुक्कामी गाडी यायची. आम्ही पोरं पांघरुणात असायचो आणि लांबून, ओढ्याच्या उतारावर, गिअर बदलल्याचा आवाज यायचा. मग आजी म्हणायची, "आली, आता झोपा." पहाटे साडेपाचला ड्रायव्हर इंजिन चालू करून नुसतं धडधडत ठेवायचा, आणि अख्ख्या गावाचे चहाचे आधण त्या आवाजावर चढायचे. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते गाडीवरून लावायचे. हे सगळं मी दोन बैठकींत लिहिलं, भराभर, अनेक महिन्यांत पहिल्यांदा आतून कुणी टोकलं नाही. आणि मग गाडीत शिरायची वेळ आली आणि मी थांबले. बाहेरून मला ती गाडी सगळी माहीत होती. रात्री आत काय असतं? दिवे विझल्यावर? तिथे झोपणारी दोन माणसं कशावर झोपतात, उशाला काय घेतात, अंधारात एकमेकांशी काय बोलतात?

आणि आठवलं की हे मी वाचलं आहे. दोन पानं. लाल रेघेखाली.

डोकं धरून बसले. किती आठवतंय ते कागदावर उतरवायला गेले तर तीन गोष्टी हाताला लागल्या. एक, रेक्झिनच्या सीटवर झोपलं की गालाला त्याची शिवण उमटते आणि सकाळी गावातल्या बायका ती बघून पदराआड हसतात. दोन, बॅटरीचे सेल वाचवायला चिल्लर अंधारातच मोजायची. चार आणे आणि आठ आणे बोटांना वेगळे लागतात, आणि थंडीत बोटं बधिर झाली की हिशोब चुकतो. तिसरी गोष्ट ड्रायव्हरच्या बायकोच्या पत्राबद्दल होती. पत्र पेटीत होतं, तिकिटांच्या गठ्ठ्यांखाली, पण ते तिथे का होतं आणि कुणी वाचून दाखवायचं होतं, ते गेलं. पुसून गेलं. मी ते वाचलं होतं ना? शब्दन् शब्द वाचला होता. रेघ ओढण्याआधी वाचावंच लागतं. पण मी 'कथा कुठं सुरू होते' हे शोधत वाचत होते. वेबिलवरचा शेवटचा आकडा बघून गाडीत किती माणसं होती ते सांगता येतं, कोण होती ते नाही.

फोन लावायला दोन दिवस घेतले. काय म्हणून मागायची? 'माझ्या कथेसाठी हवीत' असं म्हणायचं? तुमचं जे मी टाकायला लावलं ते आता मला द्या? आरशासमोर एक-दोन वाक्यं करून बघितली, दोन्ही खोटी वाटली. शेवटी भाजी निवडता निवडता लावला. काका गावी गेले होते, बाजरीच्या पेरणीला. मागे वारा आणि कुठंतरी ट्रॅक्टर. "बोला मॅडम, तब्येत बरी का?" मी म्हटलं, "काका, तुमच्या कथेची ती आधीची दोन पानं होती ना..."

"कुठली? मागं टाकलेली?"

"हो."

थोडा वेळ नुसता वारा. मग म्हणाले, "फाडायचा काय जीव झाला नाही बघा. तुम्ही सांगितलं होतं, पण नाही झाला. पाठकोरी होती. पुण्यात नातवाला दिली, गणितं करायला." आणि हसले. "का, काय होतं एवढं त्यात?"

मी म्हटलं, चिल्लर होती, गालावरची शिवण होती, आणि एक पत्र होतं, ते काय होतं सांगा ना. ते पुन्हा गप्प झाले. मला वाटलं आठवत असतील. "आता कसं सांगावं," ते म्हणाले. "लिहिताना आलं तसं आलं, मॅडम. आडवाटेला लागल्यागत झालं हुतं. तोंडानं सांगाय गेलो तर तसं यायचं नाही. आन पत्राचं..." इथं त्यांनी फोन तोंडापासून लांब धरून कुणाला तरी 'बैल आवर' अशी हाक दिली. परत आले तेव्हा विषय पावसावर गेला होता. वर्गात ते असं बोलत नसत. वर्गात ते 'होतं' म्हणत, 'हुतं' नव्हे. हेही मीच केलं का, ते विचारायचं राहिलं. ठेवता ठेवता म्हणाले, "पोराला सांगतो, असली तर फोटो पाठवील."

फोटो रात्री पावणेदहाला आला. मी ओट्यावरचं आवरत होते, ओल्या हातानंच उघडला. निळ्या शाईतले भागाकार. ७३५ भागिले ५, उत्तर १४७, बरोबर. त्याखाली ९१२ भागिले ८, ते चुकलं होतं, पोरानं स्वतःच त्यावर फुली मारून बाजूला पुन्हा केलं होतं. त्याला बिचाऱ्याला वाटलं असणार की बाईंना कागद हवा आहे, म्हणजे लिहिलेली बाजू हवी आहे, आणि त्याच्या लेखी लिहिलेली बाजू ही होती. फोटो दिव्याखाली काढलेला, कागद पातळ. भागाकारांच्या मागून काकांचं अक्षर दिसत होतं, उलटं, फिकट, मुंग्यांच्या रांगेसारखं. आणि त्या सगळ्याच्या आरपार, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, माझी लाल रेघ. तीच सगळ्यात स्पष्ट.

मी बेसिनवरच्या आरशासमोर मोबाइल धरला. अक्षरं सुलटी झाली, भागाकार उलटे. 'डिझेलचा' एवढं लागलं. पुढे 'हात', मग पाचचा आकडा मध्ये आला. दुसऱ्या ओळीत 'तिनं' आणि 'वाच' होतं, वाचलं की वाचू की वाचव, त्यावर भागाकाराची आडवी रेघ. फोटो मोठा केला तर सगळंच विरघळत होतं, लहान केला तर मुंग्या. नवरा येऊन दारात उभा राहिला, आरशात आणि माझ्यात बघून काही न विचारता परत गेला. मी नातवाला लिहिलं, 'बाळा, पान उलटं करून दुसऱ्या बाजूचा फोटो पाठवतोस का?'

साडेदहापर्यंत वाट बघितली. निळ्या खुणा आल्या नाहीत. पोरगं झोपलं असणार.